वर्गणीचं पुस्तक

मुंबईच्या कापड गिरण्यांमध्ये साचाखात्याला, म्हणजे विणकामाला, पगार चांगला होता आणि त्या खात्यात आमच्या लोकांना, महारांना, मज्जाव होता. मागावर आडव्या धावणाऱ्या धोट्यातली सुताची कांडी संपली की विणकर नवी कांडी घालायचा आणि सुताचं टोक धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यायचा. एकच धोटा पाळीगणिक वेगवेगळ्या माणसांच्या तोंडाला लागायचा. अस्पृश्याचं तोंड लागलेला धोटा आपण तोंडाला लावणार नाही, असं सवर्ण विणकरांचं म्हणणं. म्हणून महार कामगाराने रिंगखात्यात, म्हणजे सूतकताईत, राबायचं, कमी पगारावर. 1928 च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी युनियनच्या पुढाऱ्यांना बजावलं, की ही बंदी उठवण्याची मागणीही तुमच्या यादीत घाला. कुरकुरत का होईना, ती घातली गेली. त्यावर मालकांचं उत्तर असं होतं, की हा अन्याय असलाच तर तो आमचा नव्हे. ते पुरतं खोटंही नव्हतं. दार अडवून उभे होते ते शेजारच्या खात्यातले कामगारच, आणि संपाच्या मोर्चात तेच पुढे होते.

माझे आजोबा रिंगखात्यात लागले आणि रिंगखात्यातूनच निवृत्त झाले. त्यांच्या वेळेपर्यंत असला नियम कुणी उघड बोलत नसे. मुकादम आपली माणसं आपल्या खात्यात भरायचा, तेवढ्याने काम भागायचं. आजोबांनी यावर कधी भाषण केलं नाही. पण खात्यातली बरीचशी माणसं एकाच चाळीत राहणारी, एकाच जातीची, पुष्कळदा एकाच तालुक्यातली. त्यामुळे दिवसा खात्यात निघालेली गोष्ट रात्री चाळीच्या व्हरांड्यात पोचायची आणि चाळीत ठरलेली सकाळच्या पाळीला खात्यात. ज्यांनी त्यांना एका कोपऱ्यात ढकललं, त्यांनी नकळत त्यांची सभाच भरवून दिली होती.

आंबेडकर जयंतीच्या स्टेजवर एक वाक्य हमखास ऐकू येतं: अन्याय झाला म्हणून आपण एक झालो. टाळ्या पडतात. मला ते इतकं सरळ पटत नाही. अन्याय काही विसाव्या शतकात सुरू झाला नव्हता. महारवाडा शेकडो वर्षं गावाबाहेरच होता, येसकराची काठी, मेलेलं ढोर, शिळी भाकरी सगळं होतं. त्या शेकडो वर्षांत चोखोबांचे अभंग झाले. परिषद झाली नाही. नुसत्या अपमानातून संघटना उगवत असती तर पारध्यांच्या पालांवरून एव्हाना आमदारांच्या रांगा निघाल्या असत्या. मग एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला वेगळं काय घडलं?

हातात आलेलं काढून घेतलं गेलं. कंपनीच्या मुंबई फौजेत महार मोठ्या संख्येने होते. फौजेबरोबर पगार आला, पलटणीची शाळा आली, निवृत्तीनंतर पेन्शन आलं. कोकणात दापोलीला असे पेन्शनर वस्ती करून राहिले. 1890 च्या दशकात सरकारने ही भरती थांबवली, कारण लढवय्या आणि बिगरलढवय्या जातींचं नवं शास्त्र साहेबाच्या डोक्यात शिरलं होतं. त्याविरुद्ध पहिला अर्ज तयार केला तो गोपाळबाबा वलंगकरांनी, जे स्वतः फौजेतून निवृत्त झाले होते आणि ज्यांनी 1888 मध्येच ‘विटाळ विध्वंसन’ छापलं होतं. पुढे पुण्याच्या शिवराम जानबा कांबळ्यांनी सासवडला सभा घेतली, ‘सोमवंशीय मित्र’ काढलं आणि 1910 मध्ये थेट लंडनच्या भारतमंत्र्याला अर्ज धाडला. सुभेदार रामजी आंबेडकर याच पेन्शनर मंडळींतले. त्यांच्या घरात संध्याकाळी मुलांकडून अभ्यास करून घेतला जायचा, हे आपण त्यांच्या चौदाव्या मुलाची, बाबासाहेबांची, गोष्ट सांगताना सांगतो. पण तो अभ्यास पेन्शनच्या पैशांवर चालला होता, हे सांगायचं राहून जातं.

अर्ज लिहायला अक्षर लागतं, टपालाला पैसे लागतात, उत्तर यायला पत्ता लागतो. ज्याच्याकडे यातलं काहीच नाही तो अन्याय सोसतो, फार तर पळून जातो. म्हणून मी या इतिहासात घोषणांपेक्षा पैशांचे उल्लेख जास्त शोधत असते. 1920 च्या ‘मूकनायक’ला शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले, तरी तीन-एक वर्षांत ते बंद पडलं. 1927 चं ‘बहिष्कृत भारत’ही 1929 पर्यंतच तगलं, आणि बाबासाहेबांनी त्यात रकानेच्या रकाने एकट्याने भरले, कारण लिहिणारा ठेवायला पैसे नव्हते. मार्च 1927 मध्ये महाडला परिषद भरली तेव्हा हजारो माणसांना प्यायला पाणी कुणी देईना, म्हणून चाळीस रुपयांचं पाणी विकत घ्यावं लागलं. चवदार तळं तिथेच, नगरपालिकेने कागदावर खुलं केलेलं, आणि ही माणसं पाणी विकत घेतायत! वीस मार्चला ती तळ्यावर गेली. डिसेंबरात पुन्हा महाडला जायचं ठरलं तेव्हा कुणी हिंदू जागा देईना. ती फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाने दिली. बाजारपेठेने असहकार पुकारला, म्हणून धान्य बाहेरून आणावं लागलं. मनुस्मृती जाळल्याचं सगळ्यांना ठाऊक आहे. मला त्या धान्याचा हिशोब कुणी ठेवला, हे जाणून घ्यायला आवडेल. कारण ज्यांनी सामान नाकारलं, त्यांच्यामुळेच दहा हजार माणसांचं जेवण स्वतः उभं करायची सवय या लोकांना लागली.

ही सवय पुढे आमच्या चाळीपर्यंत आली. आई लग्न होऊन नायगावला आली तेव्हा महिला मंडळाचं पावतीपुस्तक एका मावशींकडे होतं, ज्यांना अंगठ्याशिवाय सही येत नव्हती. पावत्या त्यांचा शाळकरी मुलगा फाडायचा. आईला लिहिता येतं हे कळल्यावर दुसऱ्याच महिन्यात पुस्तक तिच्या हातात आलं, आणि ते तिने चाळ सोडेपर्यंत कुणाला दिलं नाही. पगाराच्या दिवशी संध्याकाळी ती मजल्यामजल्यावर फिरायची. नियम असा, की रुपया दिला तरी पावती फाडायची, आणि पैसे नसतील तर तसं वहीत लिहायचं, नाव गाळायचं नाही. मृत्यू झाला की वेगळी वर्गणी, कुणाचं लग्न अडलं तर वेगळी, नागपूरला जायला वेगळी. पौर्णिमेला विहारात वंदना झाली की हिशोब मोठ्याने वाचला जायचा. बँडवाल्याला किती, मांडववाल्याला किती, बुंदीला किती. या वाचनाला जेवढी शांतता असायची तेवढी प्रवचनाला नसायची.

1982 चा संप सुरू झाला आणि अडीच लाख गिरणी कामगारांचा पगार थांबला. काका त्यात होते. एप्रिल जवळ आला तशी मंडळाची बैठक बसली, जयंती करायची की नाही यावर. बँड, रोषणाई, मिरवणुकीचा ट्रक एका दमात रद्द झाला. तरुणांपैकी कुणी म्हणालं, यंदा मग राहूच द्या. त्यावर म्हाताऱ्यांनी जो गोंधळ घातला तो आई अजून रंगवून सांगते. शेवटी ठरलं की ज्याला जमेल त्याने पैसे, नाही त्याने मूठभर तांदूळ द्यावेत. आईने तांदळाच्याही पावत्या फाडल्या. पावतीवर ‘रु.’ छापलेलं होतं, ते खोडून तिने ‘पावशेर’ लिहिलं. सप्टेंबरपर्यंत चाळीतली निम्मी घरं उधारीवर होती, पण उधारी चालली कारण दुकानदाराला माहीत होतं की माणूस बुडाला तरी मंडळ बुडणार नाही.

बाहेरच्या माणसाला यात समाजकारण दिसतं, राजकारण दिसत नाही. माझ्या मते राजकारणाचं खातंवहीतलं रूप ते हेच. जुलै 1942 मध्ये नागपूरला अस्पृश्य महिलांची परिषद भरली, सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष होत्या, आणि वीस-पंचवीस हजार बायका जमल्याचं बाबासाहेबांनी स्वतः नोंदवलं आहे. तेव्हा ना मोबाइल ना जीप. एवढ्या बायका घराबाहेर पडतात त्याआधी कुणीतरी दारोदार जाऊन नावं लिहिलेली असतात, मुलं कुणाकडे ठेवायची ते ठरलेलं असतं.

पण मग हा प्रश्न टाळता येत नाही: एवढी बांधलेली माणसं, आणि पक्षाची अशी दशा का? बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने 1937 मध्ये मुंबई इलाख्यात चांगल्या जागा काढल्या, खोतीविरुद्ध, म्हणजे कोकणातल्या जमीनदारीविरुद्ध, विधेयक मांडलं, 1938 च्या जानेवारीत शेतकऱ्यांचा मोर्चा कौन्सिलवर नेला. पुढे 1942 मध्ये शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन, 1957 मध्ये रिपब्लिकन पक्ष. आणि 1952 मध्ये, ज्याने घटनेचा मसुदा केला तो माणूस उत्तर मुंबईतून हरला, 1954 मध्ये भंडाऱ्यातून पुन्हा हरला. त्यांच्यामागे संघटना कमी नव्हती. मतं कमी होती. गांधी-आंबेडकरांच्या 1932 च्या पुणे करारानंतर मतदारसंघ सगळ्यांचे एकत्र झाले, म्हणजे राखीव जागेवर उभा राहणारा दलित असला तरी त्याला निवडून देणारे बहुतेक बाकीचे. आपल्या वस्तीतला प्रत्येक माणूस मतदानाला नेला तरी तेवढ्याने भागत नाही. शेजारच्या आळीतलं मत लागतं, आणि शेजारच्या आळीशी बोलायची सवय बहिष्काराने लागू दिलेली नसते. कोंडल्यामुळे एकी आली ती आतली. बाहेर हात पसरायला जे लागतं ते कोंडल्याने येत नाही.

उलट बाजूचा पुरावा पुण्यात सापडतो. 1960 च्या दशकात तिथल्या संरक्षण खात्याच्या एका प्रयोगशाळेत बुद्ध जयंती आणि आंबेडकर जयंतीच्या सुट्या रद्द झाल्या. दीनाभाना नावाच्या चतुर्थ श्रेणीतल्या, राजस्थानातून आलेल्या कर्मचाऱ्याने हरकत घेतली, तर त्यालाच निलंबित केलं. पंजाबातून आलेल्या कांशीराम या अधिकाऱ्याने त्याची बाजू धरली. सुट्या परत मिळाल्या, पण कांशीरामांनी पुढे ती नोकरी सोडली. 6 डिसेंबर 1978 ला बामसेफ ही मागास आणि अल्पसंख्य समाजांतल्या कर्मचाऱ्यांची संघटना आणि 14 एप्रिल 1984 ला बहुजन समाज पक्ष. बामसेफचा पाया म्हणजे नोकरदारांची वर्गणी. पगारातला वाटा समाजाला परत करायचा, एवढी साधी अट. पद्धत त्यांनी बरीचशी महाराष्ट्रातच पाहिली होती, आणि ती फळली उत्तर प्रदेशात. तिथे अनुसूचित जाती एकवीस टक्क्यांच्या आसपास, त्यात एक जात फार मोठी, आणि कांशीरामांनी पहिल्यापासून मागासवर्गीयांना आणि मुसलमानांना सोबत धरलं. महाराष्ट्रात अनुसूचित जाती बारा टक्क्यांच्या आत. आमच्याकडे चारच माणसं अशी आठवतात जी रिपब्लिकन म्हणून एकाच वेळी लोकसभेत गेली: 1998 मध्ये प्रकाश आंबेडकर, रा. सू. गवई, जोगेंद्र कवाडे आणि रामदास आठवले, चौघेही खुल्या जागांवरून. त्याच्या आदल्या जुलैत घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसं गेली होती. तो राग होता, काँग्रेसशी समझोता होता, आणि नेते त्या घटकेपुरते एकत्र होते. वर्षभरात पुन्हा वेगवेगळे झाले. आमच्या चाळीत तेव्हा तीन गटांचे तीन फलक लागले. विहाराची वर्गणी मात्र तिन्ही गटांकडून आईच गोळा करत होती, आणि कुणी एक रुपया कमी दिला नाही.

धर्मांतराचंही असंच. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपूरला दीक्षा झाली आणि 1961 च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे अठ्ठावीस लाख बौद्ध निघाले. बौद्ध झालात म्हणजे तुम्ही आता अनुसूचित जातीत नाही, असं दिल्लीने ठरवलं. राज्याने पुढे सवलती दिल्या, केंद्राच्या 1990 पर्यंत मिळाल्या नाहीत. चौतीस वर्षं. म्हणजे कागदावर ‘बौद्ध’ लिहिणाऱ्याला केंद्राच्या नोकरीवर पाणी सोडावं लागायचं आणि ‘हिंदू महार’ लिहिणाऱ्याला स्वतःच्याच शब्दावर. माझ्या मामांनी पहिलं केलं, दुसऱ्या मामांनी दुसरं, आणि दोघं आयुष्यभर एकमेकांना चिडवत राहिले. या भेदभावाने माणसं तुटायला हवी होती. तुटली नाहीत, कारण विहार दोघांचा होता. जी वस्तू सरकारकडून मिळत नाही ती सरकारला काढूनही घेता येत नाही. विहार तसा होता.

इथपर्यंत लिहून थांबले तर लेख गोड होईल, म्हणून पुढचं लिहिते. दीक्षा घेतली ती मुख्यतः महारांनी. मातंग, चर्मकार बहुतांशी बाहेर राहिले. याला कारणं दोन्हीकडे आहेत, पण आमच्याकडचं कारण मला जवळून माहीत आहे. आमच्या चाळीच्या मागच्या बाजूला मातंगांची काही घरं होती. जयंतीच्या मिरवणुकीत त्यांची हलगी असायची, जेवणाच्या पंगतीत तेही असायचे, वर्गणी घ्यायला मात्र आई त्यांच्याकडे जायची नाही. तिला विचारलं तर म्हणायची, त्यांचं मंडळ वेगळं. त्यांचं मंडळ अण्णाभाऊ साठेंच्या जयंतीचं, ते नंतर निघालं. आधी कोणतं होतं? ज्या भिंतीच्या आत आम्ही एक झालो, ती भिंत बाहेरच्यांनी बांधली होती हे खरं. तिची एक बाजू आम्हीही उंच केली.

आणि जिथे आत माणसंच पुरेशी नाहीत तिथे काय होतं ते भंडारा जिल्ह्यातल्या खैरलांजीने दाखवलं. गावात बौद्धांची घरं जेमतेम दोन-तीन. भोतमांगे कुटुंबाकडे थोडी जमीन होती, सुरेखाबाई खमक्या होत्या, मुलं शिकत होती, म्हणजे संघटनेला लागतं असं मी वर म्हटलं ते अक्षर आणि मिळकत दोन्ही होतं. व्हरांडा नव्हता. रिंगखातं नव्हतं. 29 सप्टेंबर 2006 ला सुरेखाबाई, प्रियांका, सुधीर आणि रोशन या चौघांना ठार मारलं. गाव गप्प राहिलं. नोव्हेंबरात भंडाऱ्यात, नागपुरात, अमरावतीत, यवतमाळात बायका रस्त्यावर आल्या, आणि त्यानंतर कुठे देशाला नाव कळलं. तेव्हाही पुष्कळांनी लिहिलं की या घटनेने समाज पुन्हा एक झाला. झालाही असेल. हे वाक्य सुरेखाबाईंच्या मागे उरलेल्या नवऱ्यासमोर, भैयालाल भोतमांग्यांसमोर, उच्चारून बघायला हवं होतं.

आता आम्ही चाळ सोडून अंबरनाथच्या पुढे राहतो. चाळींच्या जागी मनोरे उभे राहतायत. घर भाड्याने शोधताना दलालाने फोनवर आधी आडनाव विचारलं आणि मग, जरा गडबडून, मटण करता का असं विचारलं. ‘तुमची हरकत नसेल तर’ हे शब्दही त्याने जोडले. भेदभाव इतका सभ्य झाला की तो सिद्ध करायला पुरावा उरत नाही, आणि ज्या घराला नकार मिळाला ते घर आणि पुढच्या वेळी नकार मिळणारं घर एकमेकांना ओळखतही नाहीत. पूर्वी नकार सगळ्या खात्याला मिळायचा, आता एकेकाला मिळतो. मिरवणूक कुणी कुठून काढायची?

तरी संकुलातल्या काही घरांनी मिळून दोन वर्षांपूर्वी जयंती सुरू केली. वर्गणी क्यूआर कोडवर येते आणि आई त्यावर नाखूश आहे, कारण ज्याने दिली नाही त्याचं नाव दिसत नाही. यंदा खजिनदारासाठी एका मुलीचं नाव सुचवलं गेलं, बी विंगमधली, बँकेत काम करते, मातंग समाजाची. दोन ज्येष्ठांनी ‘पाहू’ म्हटलं. ‘पाहू’चा अर्थ बैठकीत सगळ्यांना कळला. आई भिंतीला टेकून बसली होती. ती म्हणाली, ‘तिला ताळेबंद जमतो का तेवढं विचारा, बाकी मी तिच्या घरी जाऊन येते.’

गेली ती, दुसऱ्याच दिवशी, जुनं पावतीपुस्तक पिशवीत टाकून. त्या मुलीने पुस्तक चाळलं, मग गेल्या दोन वर्षांची बिलं मागितली आणि सांगितलं की आधी मागचा हिशोब लागल्याशिवाय आपण सही करणार नाही. मांडववाल्याची दोन बिलं सापडत नाहीयेत. आई सध्या त्याच्या मागे लागली आहे.